मामा, तुमच्या मानेला काही झालं नव्हतं

मामा,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. तेराव्याला मार्केट यार्डातली निम्मी माणसं सांगलीच्या घरी आली होती. हळकुंड मोडून आतला रंग बघितला की ते कुठल्या शिवारातलं ते सांगणारा अडत्या, आभाळ आलं की शेतकऱ्याची पोती स्वतःच्या पडवीत ओढून घेणारा माणूस, असं एकेक जण उठून बोलत होता. सगळं खरंच होतं. मी मात्र आत पोळ्या लाटत बसले होते. माझ्या पोळ्या कशा होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बाहेर बसले असते तर कुणीतरी म्हणालं असतं, ‘डाक्टरीणबाई, तुमी बोला की दोन शब्द, तुमच्यावर लय जीव हुता त्यांचा.’ ते टाळायला मी तीस-चाळीस पोळ्या बिघडवल्या.

मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. आठ वर्षांत ते तुमच्यासमोरही बोलता आलं नाही. तुमच्या उजव्या हाताबद्दल आहे ते.

रहिमतपूरहून पत्र्याची ट्रंक घेऊन मी डॉक्टरकी शिकायला तुमच्या घरी आले तेव्हा शरीररचनेच्या पुस्तकानं माझी झोप उडवली होती. हाताच्या शिरा, धमन्या, संवेदनेचे तंतू, सगळी नावं एकमेकांत गुंतायची. तुम्ही एका रविवारी चहाचा कप ठेवलात, सदऱ्याच्या बाह्या वर केल्यात आणि म्हणालात, ‘पुस्तकात काय बगतीस? ह्यो हाय की हात. काढ ह्याच्यावर.’ तुमचे हात काटकुळे, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. माझ्यासारखीला असा हात मिळणं म्हणजे लॉटरीच. मी निळ्या पेनानं अंगठ्याच्या बाजूनं मनगटावरून कोपराकडे जाणारी शीर काढली, करंगळीच्या बाजूची काढली, कोपराच्या खोबणीत दोघींना जोडणारी आडवी काढली. रक्त काढायला ती आडवी सगळ्यात सोयीची, पण तिच्या खालीच, आतल्या अंगाला, मोठी धमनी आणि मोठा तंतू असतो, म्हणून सुई उथळ ठेवायची, हे तुम्हाला मोठ्यानं सांगत मी पाठ केलं. मग पुस्तकातल्यासारखे तंतू पिवळ्या स्केचपेननं काढायला घेतले तर तुमच्या हळदीच्या हातावर पिवळा रंग उठेचना. दोघं पोट धरून हसलो. शेवटी हिरवं पेन आणलं.

‘ही हिरवी कशाची?’ तुम्ही विचारलंत.

‘ही शीर नाही मामा, हा संवेदनेचा तंतू. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला तो खोलातनं निघून कातडीखाली येतो आणि शिरेच्या अंगावरून जातो. ह्याला दुखापत झाली तर अंगठा हलतो, मूठ वळते, पण अंगठ्याच्या पाठीमागं आग आग होते. कधी कधी जन्मभर.’

‘मग हितं सुई घालायची न्हाई, असं म्हन की.’

‘नाहीच घालायची. मनगटापासून वर दीड मूठ तरी सोडायची.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो नकाशा तसाच घेऊन यार्डात गेलात. कुणी विचारलं की हात पुढं करायचात, ‘भाची डाक्टर हुतीया, तिची वही हाय ही.’ दोन दिवस अंघोळीला तो हात कोरडा ठेवलात म्हणून मामी चिडली होती.

हे सगळं मी आज का उगाळतेय ते तुम्हाला कळतंय. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला राहू नये म्हणून.

तुमच्या हातानं मला आणखीही एक गोष्ट शिकवली होती. सौद्याच्या वेळी मला शेजारी उभं करून तुम्ही टॉवेलखाली माझा हात धरलात आणि बोटं दाबून भाव कसा सांगतात ते दाखवलंत. दोन बोटं धरली तर काय, तळव्यावर अंगठा टेकला तर काय. मी दर वेळी चुकायचे, कारण भाव कळला की माझ्या भुवया वर जायच्या. ‘हात काय बी म्हनू दे,’ तुम्ही म्हणायचात, ‘तोंडावर वाचू द्यायचं न्हाई. समोरचा तोंड वाचतोय.’ त्यावरून आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, चोरून कशाला, मोठ्यानं बोला की भाव, सगळ्यांना कळू दे. तुम्ही म्हणायचात, ‘एखाद्याची ऐपत कमी असती. त्यानं कमी बोललं तर चारचौघांत त्याची लाज कशाला काढायची? टॉवेल लाज झाकायला असतो.’ मी तेव्हा एकोणीस वर्षांची, तोंडानं फार फटकळ. म्हणाले होते, ‘लाज झाकली की माणूस पुन्हा तेच करतो, मामा.’ तुम्ही नुसतं ‘बगू’ म्हणालात. ते भांडण तसंच राहिलं. आता दोन्ही बाजू मला एकटीलाच मांडाव्या लागतात आणि माझीच बाजू माझ्या अंगावर येते.

मी डॉक्टर झाले आणि त्याच उन्हाळ्यात, आठ वर्षांपूर्वी, आमच्याकडच्या लग्नातली बासुंदी तुम्हाला बाधली. उलट्या-जुलाबांनी गळून गेलात आणि तुमच्या संजूनं, माझ्या मामेभावानं, तुम्हाला सांगलीत मी नुकती लागले होते त्या दवाखान्यात आणलं. खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही आख्ख्या वॉर्डाला सांगितलंत, ‘सलाईन आमच्या डाक्टरनीच्याच हातनं घेनार.’ अंगातलं पाणी गेलेलं, शिरा आत बसलेल्या. डाव्या हाताला मी दोनदा टोचलं, दोनदा फसले. शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती. तिथल्या जुन्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, ‘मॅडम, गरम पाण्याचा शेक देऊ का जरा? शीर वर येईल. नाहीतर कोपराच्या खालीच बघू या.’ त्यांनी पंचवीस वर्षं हेच केलेलं. मला मात्र ते ऐकून मिरच्या झोंबल्या. मामाच्या देखत मला सिस्टरनं शिकवायचं?

मी तुमचा उजवा हात घेतला. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूची शीर तेवढी टिकून होती. जाड, सरळ, समोरच. नवशिक्या डॉक्टरला तिचाच मोह पडतो. मी रबरी पट्टा आवळला आणि सुई घातली.

‘आई गं! आंगठ्यात करंट बसला गं!’

तुमचा हात उडाला. अशा वेळी काय करायचं असतं हे पहिल्या वर्षाच्या परिचारिकेलाही शिकवतात. जागच्या जागी थांबायचं, सुई काढायची, दुसरी जागा बघायची. मी काय केलं? तुमचं मनगट खाली दाबलं आणि वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मामा, लहान मुलासारखं काय करताय? हलू नका.’ आणि सुई आणखी आत सारली. रक्त आलं. मी जिंकले. सिस्टरनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं चिकटपट्टी दिली. ती सुई दोन दिवस तिथंच होती. तुम्ही दोन्ही दिवस ‘आग हुतीया गं’ म्हणत होता, मी ‘सलाईननं होतं तसं’ म्हणत होते.

महिन्याभरात मामी तुम्हाला घेऊन आली. टॉवेल नुसता हातावरून सरकला तरी इंगळी डसल्यागत होतंय म्हणालात. घड्याळाचा पट्टा सहन होत नव्हता, सदऱ्याची बाही दुमडून ठेवली होती. मी बघताक्षणी ओळखलं. मनगटावर जिथं सुईचा बारीक डाग होता तिथं बोट टेकवलं असतं तर अंगठ्यापर्यंत झिणझिणी गेली असती. मी बोट टेकवलं नाही. मी तुमच्या मानेचा एक्स-रे काढायला लावला.

साठीला आलेल्या माणसाच्या मानेच्या फोटोत काही ना काही सापडतंच. मी तो काचेवर लावून तुम्हाला दाखवला, ‘हे बघा, मणक्यात गॅप आहे. इथनं सगळं हातात उतरतंय.’ माझ्या तोंडावर तेव्हा काहीही वाचण्यासारखं नव्हतं. तुमची शिकवण मी तुमच्यावरच वापरली.

तुम्ही पट्टा लावलात. वैशाखाच्या उन्हात, यार्डाच्या पत्र्याखाली, मानेला तो जाड पांढरा पट्टा. लोकांनी विचारलं की सांगायचात, ‘आमच्या डाक्टरनीनं शोधून काढलंय.’ संजूनं हे मला कौतुकानं फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, मिरजेला नसांच्या डॉक्टरला एकदा दाखवू या का? मी म्हणाले, कशाला, मी देतेय ना गोळ्या. गोळ्या नसेच्या आगीच्याच दिल्या होत्या, मानेच्या नावावर. थोडं कमी व्हायचं, गुंगी मात्र यायची. मिरजेच्या डॉक्टरनं मनगटाला बोट लावून अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं, म्हणून मी तुम्हाला तिकडं जाऊ दिलं नाही. लवकर गेला असतात तर कदाचित गुणही आला असता. नुसत्या सुईनं मी चुकले असं मला म्हणता येत नाही, ते याच्यामुळं. सुईची चूक क्षणाची होती. ही मी विचार करून केली.

टॉवेल हातावर सहन होईना तेव्हा तुम्ही डावा हात पुढं करून बघितलात. कोण घेणार? ‘डाव्या हातानं कुटं सौदा आस्तोय व्हय, आण्णा?’ म्हणून लोक हसले. हसणारे तुमचेच मित्र होते, मनात काही नव्हतं त्यांच्या. पण हळदीसारख्या शुभ मालाचा भाव डाव्या हातानं करणं तुम्हालाही रुचलं नसावं. मग संजू टॉवेलखाली हात घालायला लागला आणि तुम्ही मागं पोत्यांवर बसायला लागलात. तुमचं वय झालं असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आणि मी सातारला आले. इथं नर्सिंगच्या मुलींना शिकवते. दर वर्षी हाताच्या शिरा आल्या की मी तुमची गोष्ट सांगते, ‘एका डॉक्टरनं एका व्यापाऱ्याच्या मनगटाशी सुई घातली.’ त्या डॉक्टरला मी वर्गात चांगली फैलावर घेते. गर्विष्ठ, अर्धवट, अनुभवी सिस्टरचं न ऐकणारी. मुली टाचण काढतात. मला घरी जाताना जरा हलकं वाटायचं, हे लिहायलाही लाज वाटते.

तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला आले. दुपारची वेळ. मामी चहा ठेवून आत गेली, संजू यार्डात होता. तुम्ही मानेला पट्टा लावून खुर्चीत बसला होता. मी एसटीत बसल्यापासून एकच वाक्य घोळवत आले होते. रहिमतपूर मागं पडलं, कऱ्हाड गेलं, वाक्य पाठ झालं होतं. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात आणि म्हणालात, ‘बोल की, डाक्टरनी.’

मी विचारलं, ‘जेवलात का?’

‘जेवलो,’ तुम्ही म्हणालात. मग आपण पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो.

मामा, तेराव्याची माणसं गेल्यावर मी मामीला सांगितलं. ती भांडी निवडत होती. मी सगळं सांगितलं, सुई, पट्टा, मिरज, सगळं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही.

‘मला काय नवं सांगतीस?’ ती म्हणाली. ‘त्याच सांजंला दवाखान्यात म्हनले हुते मला, पोरीची सुई हिरव्या रेगंवर बसली म्हनून.’

मला बसायला जागा सापडेना.

‘मग पट्टा?’ मी विचारलं. ‘तो का लावायचे?’

‘तू हितं हुतीस तवर रोज लावला. मग तू सातारास्नं यायची म्हनलं की कपाटातनं काढायचे. तू सातारची गाडी धरली की ठिवून द्यायचे. मी एकदा भांडले, म्हनलं, तिला सरळ सांगा की. तर म्हनले, नगं, उद्या दुसऱ्या कुनाला सुई टोचताना हात कापंल तिचा. आपनहून सांगू दे. सांगंल ती.’ तिनं पातेलं फडक्यानं पुसलं. ‘दर खेपंला मी च्या ठिवून आत जायची, ती कशापायी जायची असं वाटलं तुला?’

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले.

‘त्येंनी माफ केलं आसंल, त्यांचं त्ये जानोत. आट वर्सं माज्या मानसाचा हात मी बगितलाय. मला न्हाई जमायचं.’ आणि मग त्याच आवाजात, ‘जेवून जा. पोळ्या लय उरल्यात.’

मी जेवले. माझ्याच पोळ्या, चिवट झालेल्या. ती समोर बसून वाढत होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नव्हतो.

मामा, मला तुमचा रागही येतो, हेही आज सांगून टाकते. आठ वर्षं तुम्ही माझी वाट बघितलीत. एकदा हात पुढं करून ‘ही हिरवी न्हवं का गं?’ म्हणाला असतात तर मी तिथंच कोसळले असते आणि दोघंही सुटलो असतो. मिरजेला गेलो असतो. पण असं म्हणणं म्हणजे पुन्हा माझं ओझं तुमच्याच खांद्यावर टाकणं झालं. तुमचा हात दुखत होता आणि तोंड माझं होतं. बोलायचं मलाच होतं.

तुम्ही मला साडेपाच वर्षं पोटच्या पोरीसारखं ठेवलंत. परीक्षेच्या दिवशी सायकलवरून मागं मागं यायचात, मला कळू न देता. तुमच्या हातावर शिकलेल्या शिरा मी पुढं हजारो हातांत बरोबर शोधल्या. माझा हात खरंच कधी कापला नाही. याबद्दल तुमचे आभार मानायला गेलं की तोंडातच फिरतं, कारण तो न कापणारा हात तुम्ही कशाच्या मोलानं राखलात ते आता कळलंय.

काल वर्गात हाताच्या शिरा होत्या. मी फळ्यावर आकृती काढली. अंगठ्याच्या बाजूची शीर, तिच्या अंगावरून जाणारा तंतू. ‘इथं दीड मूठ जागा सोडायची,’ मी म्हणाले. ‘पेशंट करंट बसला म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि सुई काढायची. त्याला गप्प करायचं नाही.’ मग नेहमीची गोष्ट आली. ‘एका डॉक्टरनं’ इथवर मी सवयीनं पोचलेही होते. तिथं थांबले आणि खोडून म्हणाले, ‘मी. माझ्या मामांच्या हातात. सिस्टरनी दुसरी जागा सुचवलेली असताना.’ मानेचंही सांगितलं. एकही डबा उघडला नाही. या मुली एरवी माझ्या तासाला मागच्या बाकावर डबे उघडतात.

पहिल्या बाकावर शिराळ्याची एक मुलगी बसते, फार नेमके प्रश्न विचारते. तिनं हात वर केला.

‘मॅडम, मग त्यांना तुम्ही कधी सांगितलंत?’

‘सांगितलं नाही,’ मी म्हणाले.

आणि मामा, त्या सगळ्यांनी मान खाली घालून तेही वहीत उतरवून घेतलं.